साडेतीन हात टेप

फोन होल्डवर टाकला की घोडबंदर रोडवरच्या त्या बिल्डरच्या ऑफिसात संगीत वाजायचं, आणि त्या दिवशी सकाळी सव्वाअकरा वाजता मंजुळाच्या कानात तिची मेलेली आई गाऊ लागली. आधी तिला कळलंच नाही. सगळ्या ऑफिसांत असते तसली यांत्रिक टिंगटिंग असेल म्हणून ती रिसीव्हर मानेत धरून कॅसेटींवर लेबलं चिकटवत बसली होती. मग एक श्वास ऐकू आला. ओळ सुरू करण्याआधी नाकानं ओढून घेतलेला, शेवटाला किंचित अडकणारा. माणूस गळा विसरेल, पण असा श्वास विसरत नाही. लेबल बोटालाच चिकटून राहिलं. टेलिफोनच्या तारेनं आवाजाचं मांस खाऊन टाकलं होतं, हाडं तेवढी शिल्लक होती, तरी ती आईच होती, बाळकुमची भागीरथी धवलारीण, जिच्या गाण्यावाचून गावातलं एकही लग्न लागत नसे. पाठोपाठ सिंथेसायझरचा घुमारा आला आणि तेवढ्यात ऑपरेटर पोरगी परत आली, सॉरी हां मॅडम म्हणाली. मंजुळानं विचारलं, हे संगीत कुणाचं. पोरीनं कौतुकानं सांगितलं की देवस्थळी सरांचं, आमचे साहेब त्यांना फार मानतात, येत्या रविवारी सरांचा साठीचा सत्कार साहेबच करतायत, आणि तुम्हाला फोन त्यासाठीच केलेला. सरांची जुनी रीळ नव्या डिजिटल टेपवर उतरवून द्यायची होती आणि रविवारी हॉलमध्ये वाजवायचीही होती, ठाण्यात रिळाचं मशीन आता फक्त तुमच्याच स्टुडिओत चालू आहे असं कळलं. मंजुळा म्हणाली, पाठवा. तिचा आवाज अगदी सरळ निघाला आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

हा स्टुडिओ टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, एका साड्यांच्या दुकानाखालच्या तळघरात होता. नवरात्र जवळ आलं की देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी, एरवी जाहिराती आणि शाळांची समूहगीतं. मंजुळा तिथे सात वर्षं रेकॉर्डिस्ट होती. माइक लावून झाला की सगळे रेकॉर्डिस्ट त्यात हॅलो, चेक, वन टू थ्री म्हणतात. मंजुळा म्हणायची, 'मुकुंद देवस्थळी.' गाणारे विचारायचे, हे कोण? ती सांगायची की कुणी नाही, या नावात ओठांची, दातांची, कंठाची सगळी अक्षरं येतात, माइकची परीक्षा चांगली होते. हे खोटं नव्हतंच. पण खरं असं होतं की या सात वर्षांत एकही दिवस तिनं हे नाव घेतल्याशिवाय कामाला सुरुवात केली नव्हती. लोक देवाचं नाव घेऊन दुकान उघडतात, तसं ती वैऱ्याचं घ्यायची. त्या नावानं मशीनवरचा आवाजाचा काटा हलायचा, हिरव्यातून लाल रेघेपर्यंत जायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही अजून जळायचा होता.

सत्त्याऐंशी साली कल्याणच्या एका कॉलेजात ध्वनिमुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा दोन वर्षांचा कोर्स होता. तो पुढे बंद पडला आणि आता कुणाला आठवतही नाही. एक सिंथेसायझर, एका वेळी एकच स्वर काढणारा, दोन रिळांची मशीनं, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे आणि अठरा विद्यार्थी. त्यांत मुली दोन, आणि कोळ्याची एकटी मंजुळा. देवस्थळी सर जर्मनीत शिकून आलेले, डोंबिवलीहून स्कूटरवर यायचे, खादीचा झब्बा आणि पायात परदेशी बूट. ते म्हणायचे की संगीत म्हणजे सूर नव्हे, संगीत म्हणजे ऐकणं. मासळीबाजाराचा गलका नीट ऐका, त्यात रचना आहे. आयुष्यात पहिल्यांदा मासळीबाजार हा शब्द कुणीतरी नाक न मुरडता उच्चारला होता. एकोणीस वर्षांची पोर आणखी काय मागणार. घरी आली की सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. हेडफोन कानाला लावून ती खाडीवर जायची, होडीचं इंजिन, चिखलातल्या पायांचा आवाज, सुकटीवर बसणाऱ्या माश्या सगळं टेपवर घेऊन यायची, आणि सर डोळे मिटून ऐकायचे. ते डोळे मिटलेले असताना त्यांच्याकडे बघता येत असे. आज हे आठवलं की तिला स्वतःच्याच मुस्कटात द्यावीशी वाटते.

परीक्षेची रचना करायची तेव्हा तिनं ठरवलं, आईचा धवला घ्यायचा. आई तयार होईना. धवला हा लग्नाचा मंत्र. मांडव नाही, नवरी नाही, तर तो म्हणायचा कुणासाठी? मोकळा धवला म्हटला तर तो घरावर बसतो. मंजुळा हट्टाला पेटली. शेवटी आई म्हणाली की मग तुझंच नाव घालते, नवरी म्हणून, म्हणजे मोकळा जायचा नाही. कॉलेजातून मागून आणलेलं मशीन ओटीवर मांडलं, आई पुढे, जनीआत्या मागून ओळ उचलायला, कारण धवला दोघींनी म्हणायचा असतो. मंजुळानं दोघींना बजावून ठेवलं होतं की रीळ फिरू लागली की काही विचारायचं नाही, खोकायचं नाही, गायचं तेवढं. सरांनी शिकवलेला पहिला नियम. आई गाऊ लागली, 'खारीचे काठी गो मांडव सजला, बालकुमाची मंजुला पाटावर बैसली.' आणि अडली. पुढच्या ओळीत नवऱ्याचं नाव लागतं. ते कुठून आणायचं, हे दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आईनं मान वर करून लेकीकडे पाहिलं. मंजुळाचे डोळे काट्यावर होते. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खूण केली, चालू ठेव. आईनं तो अडकणारा श्वास घेतला आणि त्या घरात सकाळसंध्याकाळ ऐकू येणारं एकुलतं एक पुरुषाचं नाव घातलं. 'मुकुंद नवरा दारी उभा ऱ्हायला, देवस्थल्यांचा मुकुंद दारी उभा ऱ्हायला.' आत्यानंही तीच ओळ उचलली. मंजुळा जागच्या जागी गोठली, पण रीळ फिरत होती आणि नियम नियम होता.

ते तिनं तेव्हाच पुसायला हवं होतं. का पुसलं नाही, याचं उत्तर तिला ठाऊक आहे आणि ते ती कुणाला देणार नाही. आईनं चूक केली होती असं म्हणायची सोय नव्हती. आईनं फक्त ऐकलं होतं. मंजुळानं खाली खाडीची इंजिनं आणि सिंथेसायझरचे स्वर लावून सहा मिनिटांची रचना केली, पहिला मिनिटभर नुसता आईचा गळा. नावं असतील तिथे आवाज खाली ओढायचा असं ठरवलं होतं, पण वर्गात सर म्हणाले, आधी आहे तशीच रीळ लाव. अठरा जणांनी ऐकलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी डोळे उघडले, रीळ तिथेच थांबवली, हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'नावं काप. रचना सार्वत्रिक झाली पाहिजे.' तिनं तिथेच, सगळ्यांसमोर, कापायच्या ठोकळ्यावरच्या खाचेत टेप बसवून ब्लेडनं दोन तिरके काप घेतले आणि उरलेली टोकं जोडली. कापलेला तुकडा जोड पसंत होईपर्यंत टाकायचा नसतो, गळ्यात अडकवून ठेवायचा, ही तिथली रीत. तो तुकडा भरला साडेतीन हात. तिनं तो गळ्यात घातला, दोन्ही टोकं गुडघ्यापर्यंत लोंबत होती, आणि बाकावरचा तोच आवाज म्हणाला, 'काय गं, मंगळसूत्र?' या वेळी सरही हसले. एवढंसं हसले, ओठांच्या एका कोपऱ्यातून. दहा वर्षं तो कोपरा तिच्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

पुढचं सांगायला दोन वाक्यं पुरेत. सरांनी रीळ जपून ठेवतो म्हणून ठेवून घेतली, आणि दोन वर्षांनी त्यांची कॅसेट निघाली, त्यात पहिलीच रचना ही, नाव 'भरतीरेषा', संगीत मुकुंद देवस्थळी. वेष्टनावर बारीक अक्षरांत: लोकस्वर, अज्ञात. ती डोंबिवलीला त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, लाडू दिला, आणि आत निघून गेली. सर शांतपणे म्हणाले की तू आवाज गोळा केलास, रचना माझ्या शिकवण्यातून झाली, आणि तुझ्या परीक्षेच्या अर्जात गायिकेच्या नावाच्या रकान्यात काय लिहिलं होतंस आठवतं का? आठवत होतं. वर्गातल्या त्या दिवसानंतर लाजेनं तिनंच लिहिलं होतं, अज्ञात. भागीरथी लिहिलं असतं तर ही भागीरथी कोण, तिनं मुकुंद नवरा का म्हटलं, हे पुन्हा निघालं असतं. म्हणजे सरांनी फक्त तिचं उतरवून घेतलं होतं. हा घाव सगळ्यांत खोल, कारण त्याच्या सुरीला तिच्याच बोटांचे ठसे होते. घरी आई विचारायची, वाजवलास का कालेजात? वाजवला. सगळा? सगळा, असं मंजुळानं सांगितलं. आई हसून म्हणाली, मंग लागलं म्हनायचं. त्या समाधानातच ती एक्क्याण्णव साली गेली. नंतर मंजुळाला सांगून स्थळं आली, एक चेंदणीचं तर अगदी जमण्यासारखं होतं, पण ती नाही म्हणत राहिली. गावात म्हणायचे, शिकली ना, आता पोरगा कुठला पसंत पडतोय.

बुधवारी दुपारी सर स्वतःच आले. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. केस पांढरे, झब्बा तोच, बूट बाटाचे. तिला पाहून क्षणभर थांबले, मग म्हणाले, अगं मंजुळा, तू इथे आहेस होय, बरं झालं, माझीच विद्यार्थिनी. माझीच हा शब्द त्यांनी किती सहज उचलला, परक्याच्या ताटातली भाकरी उचलावी तसा. तिनं त्यांनी आणलेली रीळ चढवली. आईचा गळा स्पीकरमधून आला, भरलेला, ओला, आणि सर खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून ऐकू लागले. मंजुळानं त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. तिथे आता काही नव्हतं, दोन सुरकुतलेल्या पापण्या होत्या. चाळिसाव्या सेकंदाला फटकन आवाज झाला आणि टेपचं टोक रिळावर फडफडत फिरू लागलं. तिचाच जोड. जोडपट्टीचा गोंद दहा वर्षांत वाळून गेला होता आणि बरोबर तिथेच, जिथे तिनं दोन नावं काढून आईला मुकं केलं होतं, तिथेच टेप सुटली होती. सर डोळे न उघडता म्हणाले, 'जुना जोड असेल. नीट जोड गं, तुझा हात चांगला आहे.' त्यांना आठवतही नव्हतं. सात वर्षं रोज सकाळी जे नाव तिनं माइकवर थुंकलं, त्या नावाच्या माणसाला काही आठवतच नव्हतं. राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. ती म्हणाली, वेळ लागेल सर, रविवारी हॉलमध्ये मीच वाजवायला येणार आहे, तयार करून आणते. उत्तम, असं म्हणून ते जिना चढून गेले.

बाळकुमात आता चारी बाजूंनी टॉवर उठत होते, त्यांतले दोन त्याच बिल्डरचे, पण घराची ओटी तशीच होती. जनीआत्या तिथे बसून जाळं शिवत होती. तिचा नवरा तरुणपणी समुद्रात गेला तेव्हापासून ती भावाच्या घरी राहत होती, आणि भागीरथीमागे गावातले धवले आता तीच म्हणायची. मंजुळानं आईचा पितळी करंडा काढला. त्यात कुंकू नव्हतं, वेटोळं करून ठेवलेली तपकिरी टेप होती, कडांना जुन्या कुंकवाची लाली लागलेली. आत्यानं हातातली सुई थांबवली. हा तुकडा काय आहे हे तिला माहीत होतं. आई गेली त्या वर्षी मंजुळानं तिला सगळं सांगितलं होतं.

'आता काय करतीस त्याचा?'

'जोडते. परत होता तिथं. रविवारी चारशे माणसांत वाजेल. बायको असेल, पोरं असतील, सुना असतील. ऐकू देत सगळे, कोण कुणाच्या दारात उभा राहिला होता.'

आत्यानं जाळ्याची गाठ आवळली आणि म्हणाली, 'लोकांमदी पुरा धवला झाला का लगीन लागतं, पोरी. भटजी लागत नाय, वाजंत्री लागत नाय. तुला म्हाईत हाय.'

'मशीनवर नाही लागत, आत्या.'

'आवाज कोनाचा हाय?'

मंजुळानं रीतसर शिक्षण घेतलं होतं, आवाज म्हणजे लोहकणांची मांडणी हे ती झोपेतही सांगू शकली असती, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण आईचा होता, आणि टेपवर आई होती. नुसतं आपलं नाव जोडावं, त्याचं गाळावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. ब्लेडचा एक काप पुरला असता. पण मग त्याला काय लागलं असतं? तो डोळे मिटून बसला असता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्याला घायाळ करणारं पातं त्याच्याच नावाचं होतं आणि त्या पात्याला मूठ नव्हती, धरणाऱ्याचा हात कापणारच होता. 'लागू दे,' ती म्हणाली. 'त्याला ऐकू तर जाईल.' दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोन टोकांमध्ये साडेतीन हात बसवले, नखानं पट्टी घासून हवा काढली आणि रीळ फिरवली. आई अडली, श्वास घेतला, आणि पुढे गेली. जोड कुठे आहे हे ओळखू येत नव्हतं. तिचा हात खरंच चांगला होता.

रविवारी सकाळी हॉल भरला. मंजुळा शेवटच्या रांगेमागे तिच्या मशीनपाशी, शेजारच्या खुर्चीवर जनीआत्या, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. हिला का आणलं असं विचारणारं कुणी नव्हतं. मंचावर बिल्डर, एक नगरसेवक, सर आणि सरांची बायको, मांडीवर गुच्छ घेऊन. शाल झाली, श्रीफळ झालं, तीन भाषणं झाली. मग दिवे मंद झाले आणि मंजुळानं बटण दाबलं. भागीरथीच्या गळ्यानं हॉलच्या भिंती आपल्याशा केल्या. सरांनी डोळे मिटले. चाळिसावा सेकंद आला. बालकुमाची मंजुला पाटावर बैसली. आपलं नाव चारशे माणसांच्या डोक्यांवरून जाताना ऐकून तिच्या अंगावर काटा आला. तिला कुणी अशी हाक कधी मारली नव्हती. मग तो श्वास. मुकुंद नवरा दारी उभा ऱ्हायला, देवस्थल्यांचा मुकुंद दारी उभा ऱ्हायला. सरांचे डोळे उघडले. कुणीतरी मोठ्यानं हसलं, मग रांगांमधून कुजबुज पसरत गेली, नगरसेवकानं बिल्डरकडे पाहिलं. सर सगळ्या डोक्यांवरून थेट तिच्याकडे बघत होते, आणि या वेळी त्यांना आठवलं होतं, हे इतक्या लांबूनही दिसत होतं. थांबव म्हणून त्यांनी हातही वर केला नाही. टेप फिरत असताना कुणी बोलायचं नसतं. पाच मिनिटं ते तसेच बसून राहिले, आणि त्यांच्या बायकोनं मांडीवरचा गुच्छ उचलून हळूच खाली जमिनीवर ठेवला. त्या बाईनं एकदा लाडू दिला होता. मंजुळाला हवं होतं ते सगळं मिळत होतं, आणि त्याची चव लोखंडासारखी लागत होती. नंतरच्या भाषणात सर म्हणाले की सुरुवातीला थोडा तांत्रिक दोष होता, क्षमा असावी. भागीरथी हे नाव त्यांनी या वेळीही घेतलं नाही.

पण ते नंतर. त्याआधी, नावं वाजली त्याच घटकेला, अंधारात मंजुळाच्या डोक्यावर काहीतरी बारीक पडलं. जनीआत्यानं कनवटीचे तांदूळ काढून टाकले होते. धवलारणीच्या कनवटीला चार दाणे असतातच. ओळ आली की हात आपोआप जातो. आत्या मंचाकडे बघतच नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण भागीरथीच्या मागून येणारा तो तरणा गळा तिचा स्वतःचा होता आणि तो तिनं आज पहिल्यांदा ऐकला होता. ती मंजुळाच्या कानाशी वाकली आणि अगदी मायेनं, लग्न लागलेल्या कुठल्याही पोरीला सांगावं तसं म्हणाली, 'आता त्याचं नाव तोंडानं घ्याचं नाय हां.'

मंजुळाला तेव्हा हसूच आलं होतं. सोमवारी नवरात्राच्या गाण्यांचं काम होतं. डोंबिवलीचं एक भजनी मंडळ आलं होतं, आठ बायका, पेटी, दोन टाळ. तिनं माइक लावला, उंची जुळवली, आत जाऊन काटा शून्यावर असल्याचं पाहिलं आणि परत येऊन तोंड उघडलं. म या अक्षरासाठी ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. तिनं पुन्हा प्रयत्न केला. बायका बघत होत्या. सात वर्षं रोज घासून घासून धार लावलेलं ते नाव जिभेवर होतं, जड, कोमट, आणि जीभ ते उचलायला तयार नव्हती. गावातल्या बायका करतात तसं तिनं नकळत खांद्यावरचा पदर सावरला आणि सावरताना आपला हात पाहिला. केसांच्या मुळाशी काहीतरी खुपत होतं. न्हाऊनही तांदळाचा एक दाणा राहून गेला होता. मग ती माइकजवळ वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, एक, दोन, तीन. काटा हलला.